“आज काय शिकलास?” “माती.”

ताई नमस्कार,
मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन, त्यामुळे अगंतुगं केलंत तरी चालेल. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्या शाळेत मुलं अर्धा वेळ बाहेरच असतात, वर्गामागे चार झाडं, थोडं गवत आणि मातीचा ढीग आहे तिथे, पाऊस असला तरी. अ‍ॅडमिशन घेताना फार भारी वाटलेलं पण आता टेन्शन यायला लागलंय. त्याच्याच वयाची माझी भाची सगळी मुळाक्षरं गिरवते, पन्नासपर्यंत आकडे काढते आणि याला विचारलं आज काय शिकलास तर म्हणतो, “माती.” कपडे रोज चिखलाने भरलेले, मागच्या आठवड्यात तर गुडघा फोडून आला. नवरा म्हणतो हे नवीन फॅड आहे, फी घेऊन मातीत खेळवतात. सासूबाई म्हणतात जंत होतील. मग म्हटलं आपणच करून बघू, म्हणून रविवारी बागेत नेलं तर हा पठ्ठ्या चाळीस मिनिटं एकाच जागी काडी घेऊन बसला! मी पक्षी दाखवले, फुलांचे रंग विचारले, याचं लक्षच नाही. मला कंटाळा आला आणि शेवटी ओरडलेच त्याच्यावर. शाळा बदलू का? आणि घरभर दगड झालेत, त्यांचं काय करू?
— चिखल धुऊन दमलेली आई

अगं, आधी मला एक सांग, त्या काडीने तो करत काय होता?

नवरा काय म्हणाला, सासूबाई काय म्हणाल्या, भाची कुठपर्यंत पोचली, सगळं लिहिलंस पण नेमकं हे लिहायचं राहिलं. चार वर्षांचं मूल चाळीस मिनिटं एका जागी! एरवी आपणच तक्रार करत असतो ना की दोन मिनिटं टिकून बसत नाही म्हणून? तो बसला, आणि आपल्याला ते दिसलंच नाही कारण आपण पक्षी दाखवण्यात बिझी होतो. तुला दोष देत नाहीये, मी स्वतः बालवाडीत इतकी वर्षं काढली आणि माझी ही खोड जायला त्यातली निम्मी गेली.

एक प्रसंग सांगते. आमच्या अंगणात एका कोपऱ्यात थोडा उतार होता. साडेतीन-चार वर्षांची एक मुलगी मगात पाणी आणायची, वरच्या टोकाला ओतायची आणि उकिडवी बसून बघत राहायची. पाणी थोडं खाली यायचं, मातीत जिरायचं. परत एक मग पाणी. परत जिरलं. मग तिने बोटाने एक रेघ ओढली आणि त्यात ओतलं, या वेळी जरा पुढपर्यंत गेलं. मग मध्ये एक दगड ठेवला, पाणी दगडाला वळसा घालून गेलं. तिने दगड उचलला, त्याच्या खालची माती चाचपली, ती कोरडी होती, आणि ती कोरडी माती तिने चक्क मला आणून दाखवली. तेव्हा मी काय करावं? मी बाईच ना, मी लगेच म्हटलं, “बघ, पाणी नेहमी उताराकडे वाहतं की नाही? आणि दगडाखाली पाणी गेलंच नाही म्हणून माती कोरडी!” तिने माझ्याकडे पाहिलं, हातातली माती टाकली आणि झोक्याकडे निघून गेली. पाण्याचा मग तिथेच पडून राहिला. तिचा अर्धवट चाललेला प्रयोग मी एका वाक्यात संपवून टाकला गं, उत्तर देऊन. ती परत त्या उताराकडे वळायला चारपाच दिवस गेले.

तेव्हापासून मी एक ठरवून टाकलंय, मूल कशात तरी गुंतलेलं असेल तर आपण जवळ बसायचं, आपलं तोंड बंद ठेवायचं, आणि त्याने आपल्याकडे बघितलं तरच बोलायचं. बोलायचं तरी काय, तर दिसतंय तेवढंच. “अरे, ही कोरडी आहे.” बास. प्रश्नांची सरबत्ती नको, हा कोणता रंग, किती पानं आहेत, हे काय आहे... हे सगळे आपल्याला उत्तर माहीत असलेले प्रश्न असतात आणि मुलांना ते बरोब्बर कळतं की ही परीक्षा चाललीये. खरा प्रश्न तो की ज्याचं उत्तर आपल्यालाही बघावं लागेल. “या मुंग्या एवढा मोठा पंख कुठे न्यायला निघाल्यात?” मला खरंच माहीत नसतं, मग आम्ही दोघं मुंग्यांच्या मागे. आणि अर्ध्या वाटेत तो कंटाळून निघून गेला तर गेला, आपण शेवटपर्यंत बसायचं काही कारण नाही (मी बसते, पण ते माझं वेड आहे).

दुसरी गोष्ट, दर रविवारी नवीन जागा शोधू नकोस. आपल्याला वाटतं आज बाग, पुढच्या वेळी टेकडी, मग नदी, म्हणजे मुलाला भरपूर बघायला मिळेल. उलट होतं. नवीन जागी मुलाचा अर्धा जीव जागेचा अंदाज घेण्यातच जातो. तीच जागा दहाव्यांदा बघितली की मग फरक दिसायला लागतो, मागच्या वेळी इथे डबकं होतं, आता फक्त भेगा पडलेला चिखल आहे, त्या खोडावर गोगलगाय होती ती कुठे गेली, हे पान हिरवं होतं आता कडेने पिवळं झालंय. ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द चार वर्षांच्या मुलाला कॅलेंडरवर कळत नाहीत गं, डबक्यावर कळतात. त्यामुळे घराजवळची एक जागा धर, अगदी एका झाडाचा बुंधा आणि आजूबाजूची दहा पावलं एवढी असली तरी पुरे.

आता तुझ्या खऱ्या टेन्शनकडे येते, अक्षरं.

भाची गिरवते, छान आहे, तिला आवडत असेल तर गिरवू दे. पण तुलना करताना हाताकडे जरा बघ. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्मताना ती सगळी कूर्चेचीच, म्हणजे अजून मऊ असतात, एक्स-रे काढला तर दिसतसुद्धा नाहीत. पहिल्या वर्षात साधारण दोन दिसायला लागतात, चौथ्या वर्षाच्या आसपास तीन-चार, आणि शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी. याचा अर्थ लहान मुलांनी पेन्सिलला हातच लावू नये असा नाही, पण ज्या हाताकडून आपण रेघेत बसणारा ‘क्ष’ मागतोय तो हात अजून घडतोय हे लक्षात ठेवायला हवं. आणि तो घडतो कशाने? पाण्याने अर्धी भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून डुचमळत नेण्याने, ओली माती मळण्याने, काडक्या मोडण्याने, फांदीला लटकण्याने, गवतातून बारीकशी बी दोन बोटांच्या चिमटीत उचलण्याने. आधी खांदा आणि दंड, मग मनगट, मग बोटं. तुझा मुलगा काडीने माती उकरतो तेव्हा त्याची पकड बघ कधीतरी, आधी मुठीत धरलेली काडी काही महिन्यांनी आपोआप बोटांत येते. पेन्सिल धरायला याहून वेगळं काय लागतं?

भाषेचंही तसंच. चार्टवर मातीचं चित्र असतं आणि खाली लिहिलेलं असतं ‘माती’. पण हातात घेतली की ती भुसभुशीत असते, चिकट असते, ओलसर असते, ढेकूळ असतं, ते दाबलं की फुटतं, पाणी जास्त झालं की रबरबाट होतो. एवढे शब्द त्याला कोणी पाठ करून घ्यायला लागणार नाहीत, फक्त त्या वेळी कोणीतरी मोठं माणूस सहज म्हणालं पाहिजे, “आज किती रबरबाट झालाय रे!” त्यामुळे पुढच्या वेळी तो “माती” म्हणाला की “कसली होती? कालच्यासारखीच?” एवढंच विचारून बघ. ‘काय शिकलास’ हा प्रश्न मोठ्यांनाही विचारला तर त त प प होतं.

मात्र तो यामुळे पुढे टॉपर होईल असं मी तुला सांगणार नाही, असं कोणी सांगून अ‍ॅडमिशन घेत असेल तर त्यांच्यापासून जरा लांबच राहा. आणि बाहेर खेळणं म्हणजे पुस्तकाशी वैर असंही नाही. रोज रात्री त्याला मांडीवर घेऊन एक गोष्ट वाचून दाखव, चिखलात त्याच्या नावाचं पहिलं अक्षर काडीने काढ, तो म्हणेल मलापण. चपलांच्या जोड्या लावताना, दगड मोजताना आकडे येतातच. पन्नासपर्यंत आकडे काढणाऱ्या मुलाला “पाच दगड दे” म्हटल्यावर ओंजळभर आणून देताना मी अनेकदा पाहिलंय.

नवऱ्याला सांग की फॅड असेल तर फार जुनं आहे. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला नाव दिलं किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. नुसतं नावापुरतं नाही, त्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटासा वाफा असायचा. आपण त्यातलं ‘केजी’ तेवढं ठेवलं आणि बाग काढून टाकली! लंडनच्या डेप्टफर्डमध्ये मार्गारेट मॅकमिलन यांनी बहिणीबरोबर १९१४ मध्ये उघड्यावरची बालशाळा सुरू केली ती गरीब वस्तीतल्या आजारी, खुरटलेल्या मुलांसाठी, त्यांना हवा, ऊन आणि बाग मिळावी म्हणून. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी मुलांना शाळेत बोलावत बसण्यापेक्षा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ‘अंगणवाडी’ हा शब्दच बघ ना.

आणि नवऱ्याला आकडे आवडत असतील तर हे पण सांग. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्यात, तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी धाप लागेल अशी, आणि स्क्रीन दिवसाला एक तासाच्या आत. हॉलमध्ये सोफ्यावरून उड्या मारून १८० मिनिटं भरतात का ते त्यालाच विचार. डोळ्यांचा मुद्दा तर मला फार महत्त्वाचा वाटतो. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास घराबाहेरच्या उजेडात ठेवला. तीन वर्षांनी त्या शाळांमध्ये साधारण ३० टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसायला लागलं होतं आणि बाकीच्या शाळांमध्ये जवळपास ४० टक्के मुलांना. ती मुलं तुझ्या लेकापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठी होती, पण सवय लागायची तर आत्ताच लागते ना.

आता सासूबाई. त्यांचं अगदीच चूक नाहीये बरं का, त्यांना उडवून लावू नकोस. जंतांची अंडी मातीतून तोंडात जातात हे खरंच आहे. पण त्यावर उपाय माती बंद करणं हा नाही, बाहेरून आल्यावर आणि खाण्याआधी साबणाने हात धुणं, नखं कापलेली ठेवणं, पायात काहीतरी घालणं, कुत्र्यामांजरांनी घाण केलेली जागा टाळणं हा आहे, आणि जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं देणं. लसी वेळेवर झाल्यात ना, धनुर्वाताची धरून, तेवढं कार्ड काढून बघ. आणि मातीची दुसरी बाजूही त्यांना सांग. फिनलंडमध्ये ३ ते ५ वर्षांच्या ७५ मुलांवर एक अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. काही पाळणाघरांच्या खडी घातलेल्या अंगणात जंगलातली माती आणि गवत आणून टाकलं आणि मुलांना त्यात रोज खेळू दिलं. फक्त २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरचे आणि पोटातले जिवाणू बदलले, आणि रक्तात प्रतिकारशक्तीच्या काही खुणा चांगल्या दिशेने सरकल्या. छोटा अभ्यास आहे, त्यावरून फार उड्या मारू नयेत, पण माती म्हणजे नुसती घाण नव्हे एवढं म्हणायला पुरे.

गुडघ्याचं म्हणशील तर खरचटणं आणि खरा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुटक्या फांदीवर चढणं, ओल्या ओंडक्यावरून तोल सांभाळत जाणं, उतारावरून धूम पळणं यात मूल स्वतःचा अंदाज घेत असतं. एलेन सँडसेटर या नॉर्वेच्या संशोधक आहेत, त्यांनी २००७ मध्ये मुलांच्या असल्या जरा थरारक खेळांचे सहा प्रकार मांडले, उंची, वेग, धारदार हत्यारं, पाणी-आगीसारख्या गोष्टींच्या जवळपास खेळणं, दंगामस्ती, आणि एकट्याने भटकून हरवल्यासारखं होणं. वाचताना आपल्या पोटात गोळा येतो पण स्वतःचं लहानपण आठव, यातलं काय काय केलं नव्हतंस? “पडशील!” असं ओरडलं की मूल आपल्याकडे बघतं आणि बघता बघता खरंच पडतं. त्यापेक्षा “आता पुढचा पाय कुठे ठेवणार?” म्हण, म्हणजे ते पायाकडे बघेल. आणि तुम्ही उचलून झाडावर बसवू नका, जेवढं स्वतः चढता येतं तेवढंच चढू दे, ज्याला चढता आलं त्याला बहुतेक वेळा उतरताही येतं, आपण चढवलेलं मूल मात्र वर अडकून बसतं.

काही बाबतीत मात्र मी अजिबात ऐकून घेत नाही. पाणी साचलेलं असेल तिथे मोठं माणूस हाताच्या अंतरावरच हवं, एवढंसं मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं आणि आवाजही होत नाही. ओळखीची नसलेली फळं, बिया, कुत्र्याच्या छत्र्या तोंडात घालायच्या नाहीत. जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, दगड उलटायचा तर मोठ्यांना बोलावून. विजा चमकायला लागल्या की सगळे आत. एवढं ठाम ठेवलं की बाकी मोकळं सोडता येतं.

शाळा बदलू का म्हणतेस, तर आत्ता नको, आधी एक दिवस जाऊन बघून ये. ‘नेचर’ नावाखाली काय काय चालतं ते मला माहीत आहे, प्लास्टिकचं गवत, लॅमिनेट केलेली पानं, आणि मुलं एकामागे एक रांगेत, “सगळ्यांनी झाड बघा, टाळ्या वाजवा, फोटो!” तसं असेल तर बदल खुशाल. तुला काय दिसायला हवं ते सांगते. मुलं आपापल्या उद्योगात आहेत का, का बाई म्हणतील तेच सगळे करतायत? सुटं सामान पडलंय का, काड्या, दगड, जुनी भांडी, दोरी, फळ्या? सायमन निकल्सन नावाच्या ब्रिटिश कलावंताने १९७१ मध्येच म्हणून ठेवलंय की जागेत हलवता-बदलता येण्यासारख्या सुट्या गोष्टी जितक्या जास्त तितकी मुलं जास्त कल्पक होतात. बायका उभ्या कुठे आहेत, कोंडाळं करून मोबाईलवर का मुलांत विखुरलेल्या? बाहेर जाताना आणि आत येताना मुलं मोजतात का? पाणी, शू, सावली, प्रथमोपचाराची पेटी कुठाय? आणि सगळ्यात मुख्य, त्यांना विचार की माझ्या मुलाला सध्या कशाचं वेड आहे. ज्या बाई क्षणात सांगतील की अहो तो आणि त्याचा मित्र गेले आठ दिवस त्या ढिगाला बोगदा पाडतायत, त्यांच्याकडे मूल निर्धास्त ठेव. “छान आहे हो, मिक्स होतो सगळ्यांत” असं मोघम उत्तर आलं तर परत पंधरा दिवसांनी जा आणि तेच विचार. गोष्टी, गाणी, चित्रं होतात की नाही हेही विचार, ते हवंच.

कपड्यांसाठी दोन जुने जोड बाजूला काढ, डाग पडले तरी ज्यांचं काही वाटणार नाही असे. चिखल ओला असताना चोळत बसू नकोस, वाळू दे, झटक, मग भिजत घाल, निम्मं काम कमी होतं. आणि ओरडलीस त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस, त्याला म्हण, त्या दिवशी तू काडीने काय करत होतास ते मी बघितलंच नाही, मला परत दाखवशील? बघ कसा ओढत नेतो.

राहिले दगड. सगळे टाकू नकोस आणि सगळे ठेवूही नकोस. त्याला झाकण नसलेला एकच डबा दे आणि सांग की यात मावतील तेवढे तुझे, नवीन आणलास तर आतला एक जिथून आणला तिथे परत ठेवून यायचा. कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा यावर तो अर्धा अर्धा तास विचार करेल, करू दे. एखादा दगड तुला अगदीच साधा वाटेल आणि तो मात्र काही केल्या सोडणार नाही, कारण विचार, काहीतरी असतंच, “याच्या खाली गोम होती” वगैरे. आणि मशीन लावायच्या आधी खिसे बघत जा बाई, माझ्या नातवाच्या एका खड्याने आमच्या मशीनचा पंप बंद पाडलाय.

— तुझी ताई